जुने फ्रीज-एसी निर्लेखित करताना : संस्थेचं भांडार सांभाळणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

हे काम माझ्याकडे पहिल्यांदा आलं तेव्हा आमच्या महाविद्यालयाच्या मागच्या अंगणात नऊ स्प्लिट एसी, चार फ्रीज आणि दोन वॉटर कूलर पडून होते. निर्लेखनाचा, म्हणजे नोंदवहीतून कमी करून विल्हेवाट लावण्याचा, ठराव झालेला, सगळ्यात जास्त दर देणारा भंगारवाला ठरलेला, पैसेही भरून झालेले. तो टेम्पो घेऊन आला, पहिलं आउटडोर युनिट आडवं केलं आणि कटरने तांब्याची नळी कापली. फुस्स आवाज करत पांढरा फवारा निघाला. नळीच्या तोंडाशी बघता बघता बर्फ धरला आणि खालच्या शहाबादी फरशीवर तेलाचा काळपट डाग पसरत गेला. दोन-तीन मिनिटांनी आवाज थांबला. त्याने पुढचं युनिट ओढलं. नऊच्या नऊ युनिटं अशीच रिकामी झाली आणि मी हातात गेट पास घेऊन शेजारी उभी होते. आपल्या डोळ्यांदेखत नेमकं काय चाललंय हे मला तेव्हा कुणी सांगितलेलं नव्हतं.

नंतर हिशेब केला. दीड टनाच्या एसीत साधारण किलोभर गॅस असतो, थोडा कमी-जास्त. आमचे एसी आर-२२ या गॅसचे होते. एक किलो आर-२२ हवेत गेला की तापमानवाढीच्या दृष्टीने तो सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भारी पडतो, शिवाय ओझोनच्या थरालाही खातो. नऊ यंत्रं भरलेली धरली तर सोळा टन झाले. सुमारे सात हजार लिटर पेट्रोल जाळल्यावर एवढा कार्बन डायऑक्साइड निघतो. आमच्याकडे ते एका सकाळीत झालं.

त्यानंतर हे काम मी तीनदा नीट केलं आहे. शाळा, महाविद्यालय, वसतिगृह, ट्रस्टचं रुग्णालय, कुठेही तुम्ही भांडार किंवा कार्यालय सांभाळत असाल तर पायऱ्या याच लागतात.

१. यादी करा आणि प्रत्येक यंत्राची पाटी वाचा

नुसतं "एसी – ९ नग" लिहून भागत नाही. प्रत्येक यंत्रामागे मेक, मॉडेल, सिरीयल नंबर, जडसंग्रह नोंदवहीतलं (डेड स्टॉक रजिस्टरमधलं) पान आणि अनुक्रमांक, जागा आणि गॅसचं नाव हवं. गॅसचं नाव यंत्राच्या पाटीवरच असतं. एसीची पाटी आउटडोर युनिटच्या बाजूला असते. फ्रीजची आतल्या भिंतीवर किंवा मागे कॉम्प्रेसरजवळ सापडते. रेफ्रिजरंट म्हणून आर-१३४ए वगैरे छापलेलं असतं आणि पुढे ग्रॅममध्ये वजन. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढे तो तीन वेळा उपयोगी पडतो. पाटी पुसली असेल तर कॉम्प्रेसरवरचं लेबल बघा.

वाचताना एवढं लक्षात असू द्या:

आर-१२ हा जुन्या फ्रीजमधला. २००० च्या आसपास किंवा त्याआधी घेतलेला फ्रीज असेल तर हा असण्याची शक्यता धरा. ओझोनसाठी सगळ्यात वाईट यातलाच.
आर-२२ हा जुन्या विंडो आणि स्प्लिट एसींमधला, कार्यालयांमध्ये अजूनही भरपूर.
आर-१३४ए फ्रीज आणि वॉटर कूलरमध्ये. ओझोनला धोका नाही, तापमानवाढीला मात्र आर-२२ च्या जवळपास.
आर-४१०ए आणि आर-३२ नंतरच्या एसींमध्ये. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे.
आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, नव्या घरगुती फ्रीजमध्ये. आर-२९० म्हणजे प्रोपेन, काही एसी आणि फ्रीझरमध्ये. हे दोन्ही स्वयंपाकाच्या गॅसचे भाऊबंद आहेत, ठिणगी मिळाली की पेटतात. कॉम्प्रेसरवर ज्वाळेचं चित्र असलेला पिवळा त्रिकोण दिसला तर यादीत त्या ओळीपुढे लाल शाईने खूण करा.

यादी करताना लोक नेहमी काही यंत्रं विसरतात, कारण ती फ्रीजसारखी दिसत नाहीत. प्रयोगशाळेतला बीओडी इन्क्युबेटर, कूलिंग सेंट्रिफ्यूज, बर्फाचं यंत्र, डीह्युमिडिफायर, सर्व्हर रूमचा एसी. सूक्ष्मजीवशास्त्राकडे उणे ८० अंशांचा फ्रीझर असेल तर त्यात बहुधा दोन कॉम्प्रेसर आणि दोन वेगवेगळे गॅस असतात, दोन्ही नोंदवा. जुन्या ग्रामीण रुग्णालयात कॉम्प्रेसर नसलेला, रॉकेलवर किंवा गॅसवर चालणारा फ्रीज अडगळीत सापडू शकतो. त्यात अमोनिया असतो. तो उघडायचा तर नाहीच, आडवाही करायचा नाही.

"यातला गॅस कधीच उडालाय, द्या भंगारात" असं मेकॅनिक हमखास सांगतो. गॅस गेला असला तरी कॉम्प्रेसरमध्ये तेल असतंच. जुन्या फ्रीजच्या भिंतीतल्या फोममध्ये तर नळ्यांमधल्यापेक्षा जास्त घातक वायू कोंडलेला असतो, कारण तो फोम फुगवायलाच सीएफसी, म्हणजे आर-१२ च्या जातीचे ओझोन खाणारे वायू, वापरत. म्हणून "रिकामा" फ्रीज असा वेगळा प्रकार यादीत ठेवू नका.

२. यंत्र कोणाचं आणि आत काय आहे, ते बघा

कँटीनमधला काचेच्या दाराचा शीतपेयांचा कूलर आणि आइस्क्रीमचा फ्रीझर बऱ्याचदा संस्थेचा नसतोच. वितरकाने वापरायला दिलेला असतो. नोंदवहीत नोंद नसेल तर निर्लेखनाच्या यादीत घेऊ नका. वितरकाला पत्र द्या आणि त्यालाच न्यायला सांगा. देणगीत किंवा संशोधन प्रकल्पात मिळालेलं यंत्र असेल तर प्रकल्प मंजुरीचं पत्र काढून अटी वाचा. निधी देणाऱ्या संस्थेची परवानगी लागू शकते.

प्रयोगशाळा आणि रुग्णालयातला फ्रीज तसाच्या तसा कुणाच्या हवाली करायचा नाही. आधी विभागाने तो रिकामा करायचा. कल्चर, रक्ताचे नमुने, मुदत संपलेली औषधं आणि लशी जैववैद्यकीय कचऱ्याच्या वाटेने जातात, रसायनं रसायनांच्या वाटेने. मग बर्फ वितळू द्या. वितळलेलं पाणीही दूषित असू शकतं, म्हणून खाली ट्रे ठेवा. आतला भाग एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटने पुसून अर्धा तास तसाच ठेवा, नंतर स्वच्छ पाण्याने पुसा. विभागप्रमुखांच्या सहीचं "निर्जंतुक केले" असं एका ओळीचं प्रमाणपत्र दारावर चिकटवा आणि त्याची प्रत फाइलला लावा. हमाल उघड्या हातांनी ते यंत्र उचलणार आहेत, तेव्हा हा कागद त्यांच्यासाठी आहे.

३. निर्लेखनाचा प्रस्ताव

हे तुम्हाला माहीतच असेल, म्हणून थोडक्यात. समितीची पाहणी, यंत्र दुरुस्तीपलीकडे असल्याचा तांत्रिक अहवाल, घसारा वजा जाता किंमत, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी. शासकीय संस्था असाल तर तुमच्या विभागाच्या आदेशाप्रमाणे ई-लिलाव लागेल. त्यातही पुढच्या पायरीतली पात्रतेची अट घालता येते आणि घालायचीच.

माझी एकच सूचना. ठरावातच हे वाक्य घ्या : "सदर यंत्रे ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत रिसायकलरकडेच देण्यात यावीत." हे वाक्य ठरावात नसलं की पुढे कोणीतरी विचारतं, भंगारवाला जास्त देत होता ना? मग उत्तर द्यायला तुम्ही एकट्या उरता.

४. घेणारा कोण, ते तपासा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ई-कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत संकलन केंद्र, डिसमँटलर (यंत्रं सुटी करणारा) असे प्रकार होते. २ नोव्हेंबर २०२२ ला नवे नियम निघाले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत नोंदणी चारच प्रकारच्या लोकांची आहे : निर्माता, उत्पादक, नूतनीकरण करणारा आणि रिसायकलर. तरीही लोक जुनी "अधिकृत डिसमँटलर"ची प्रत लॅमिनेट करून घेऊन येतात. शिक्का खरा असतो, कागद मात्र कालबाह्य. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर नोंदणीकृत रिसायकलर शोधा आणि समोरच्याचं नाव, पत्ता, मुदत तिथे स्वतः जुळवून बघा. त्याच्याकडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं चालू संमतीपत्रही मागा. शंका वाटली तर मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात जाऊन विचारा. मी गेले होते, तिथल्या बाईंनी दहा मिनिटांत सांगितलं की समोरच्या कागदाची मुदत संपलेली आहे.

नोंदणी आहे म्हणजे फ्रीज-एसी हाताळतात असं नाही. बरेच जण फक्त संगणक आणि मोबाइल घेतात. फोनवरच तीन प्रश्न विचारा. यंत्रातला गॅस तुम्ही कसा काढता? काढलेला गॅस पुढे कुठे देता? फ्रीजच्या फोमचं काय करता? ज्याच्याकडे खरंच सोय असते तो गॅस ओढून घेणारं रिकव्हरी मशीन, सिलिंडर, वजनकाटा असं बोलायला लागतो. "त्याची काळजी आमच्यावर सोडा" हे उत्तर आलं तर फोन ठेवा.

आणखी एक वाट आहे. जुन्या मालाच्या रिसायकलिंगचं ठरावीक उद्दिष्ट पूर्ण करण्याची जबाबदारी नियमाने कंपन्यांवर टाकलेली आहे. एकाच कंपनीचे वीस-पंचवीस एसी असतील तर त्यांच्या संकेतस्थळावर ई-कचऱ्याचा टोल-फ्री क्रमांक असतो, तिथे लेखी विनंती नोंदवा. मात्र नवा एसी घेताना दुकानदार "जुना आम्ही नेतो" म्हणतो, त्याला भुलू नका. तो कुठे नेतो ते लेखी मागा. लेखी दिलं नाही तर यंत्र देऊ नका.

ज्या संस्थेत या नियमांच्या अनुसूचीतली १,००० किंवा त्याहून जास्त विद्युत-इलेक्ट्रॉनिक उपकरणं आर्थिक वर्षात कधीही वापरात असतात ती "मोठा ग्राहक" ठरते आणि नोंदणीकृत व्यक्तीलाच ई-कचरा देण्याचं थेट बंधन तिच्यावर येतं. संगणक, प्रिंटर, एसी मोजायला लागलात की हा आकडा वाटतो तितका लांब नाही.

५. दरपत्रक असं मागवा

नोंदणीकृत रिसायकलर भंगारवाल्यापेक्षा कमी दर देतो, कधी कधी बराच कमी. कारण साधं आहे. भंगारवाल्याच्या दरात फक्त तांबं आणि कॉम्प्रेसरचं लोखंड धरलेलं असतं. गॅस काढणं, तेल काढणं, फोमची विल्हेवाट याचा खर्च तो करतच नाही. म्हणून दोघांना एका तुलनात्मक तक्त्यात बसवूच नका. दरपत्रकाच्या मागणीतच पात्रतेची अट टाका, म्हणजे तुलना फक्त पात्र लोकांत होते. लेखापरीक्षकालाही ते पटतं, मला तरी आजवर आक्षेप आलेला नाही.

मागणीपत्रात हे असू द्या : यंत्रांची यादी गॅसच्या नावासह, यंत्रं आहेत त्या जागेवरून अखंड उचलण्याची अट, आवारात नळी कापण्यास किंवा यंत्र फोडण्यास मनाई, वाहतूक कोणाच्या खर्चाने, आणि उचलल्यानंतर किती दिवसांत रिसायकलिंगचं प्रमाणपत्र देणार. "अखंड" हा शब्द ठळक करा.

६. एसी भिंतीवरून उतरवणं

फ्रीज आणि वॉटर कूलर बंद डब्यासारखे असतात. प्लग काढला की ते जसेच्या तसे न्यायचे, कुठेही काही कापायचं नाही. विंडो एसीचंही तसंच. स्प्लिट एसीचे मात्र दोन तुकडे असतात आणि मधे तांब्याच्या नळ्या. त्या सोडवताना गॅस जातो. इथे चांगला मेकॅनिक हवा, आणि तुम्ही शेजारी उभं राहायला हवं.

कॉम्प्रेसर चालू असेल तर काम सोपं आहे, त्याला पंप डाऊन म्हणतात. मेकॅनिक गॅसचा दाब दाखवणारं गेज लावतो, एसी कूलिंगवर चालू ठेवतो आणि आउटडोरच्या बारीक नळीचा व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद करतो. कॉम्प्रेसर सगळा गॅस ओढून आउटडोरमध्ये जमवतो. गेजचा काटा शून्याकडे सरकतो. तो तिथे पोचायच्या बेतात आला की जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद आणि लगेच यंत्र बंद. मग नळ्या सोडवायच्या आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर पितळी टोप्या घट्ट बसवायच्या. काम नीट झालं असेल तर नट सोडताना बारीकसा "च्च" एवढाच आवाज येतो. माझे कान आता त्याच आवाजाकडे असतात. काटा शून्यावर आल्यावरही यंत्र चालू ठेवलं किंवा नळी आधीच सैल असली तर कॉम्प्रेसर हवा ओढतो आणि फुटू शकतो. अशा अपघातात माणसं जायबंदी होतात. म्हणून घाई करणारा माणूस या कामाला नको.

पण खरी अडचण ही की निर्लेखित एसीचा कॉम्प्रेसर बहुतेक वेळा जळालेला असतो. म्हणूनच तर तो निर्लेखित झाला. तिथे पंप डाऊन होत नाही आणि मेकॅनिक म्हणतो, "मॅडम, सोडून देतो, दोन मिनिटांचं काम आहे." नाही म्हणा. तिथे रिकव्हरी मशीन लागतं. छोट्या सुटकेसएवढं यंत्र, दोन नळ्या, दोन व्हॉल्व्हचा सिलिंडर आणि खाली वजनकाटा. गॅस यंत्रातून ओढून सिलिंडरमध्ये भरला जातो. सिलिंडरचं आधी आणि नंतर वजन किती भरलं ते तुमच्या वहीत लिहून घ्या. आमच्याकडे एका आउटडोरमधून ६४० ग्रॅम निघाला होता, पाटीवर लिहिल्यापेक्षा बराच कमी. म्हणजे गळती आधीच चालू होती आणि आम्ही दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरत होतो.

रिकव्हरीचे नियम थोडे आहेत, पण ते पाळायचेच. एका सिलिंडरमध्ये एकच गॅस, आर-२२ वर आर-४१०ए भरला की दोन्ही निकामी. सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नाही, उन्हात आतला द्रव गॅस फुगतो. गॅसबरोबर आलेले एकदा वापरून टाकायचे सिलिंडर पुन्हा भरायचे नाहीत. जळालेल्या कॉम्प्रेसरमधला गॅस आम्लयुक्त असतो, त्यावर "जळालेला" असं लिहून वेगळा ठेवा, तुमच्या दुसऱ्या एसीत टाकू देऊ नका. आर-६००ए आणि आर-२९० साठी वेगळी, ठिणगी न पडणारी साधनं लागतात. ती नसतील तर यंत्र बंद स्थितीतच रिसायकलरकडे जाऊ द्या.

आणि जवळपास गॅस कटर किंवा ब्लो लॅम्प नको. आर-२२ ज्वाळेत गेला की विषारी वायू तयार होतात, त्यात फॉस्जीनसुद्धा असतो. मेकॅनिकच्या हातात जाड मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. द्रव गॅस कातडीवर उडाला तर भाजल्यासारखी जखम होते.

वीज तुमच्या इलेक्ट्रिशियननेच तोडायची, एमसीबीवरून, आणि उघड्या तारांना टेप लावूनच खाली उतरायचं. कपॅसिटर वीज गेल्यावरही झटका देतो.

७. उचल होईपर्यंत ठेवायचं कुठे

छपराखाली, पक्क्या जमिनीवर, उभं. फ्रीज आडवा ठेवला की कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत जातं आणि नळी फुटली तर तेलही बाहेर येतं. ज्वलनशील गॅसचे फ्रीज तळघरात ठेवू नका, वारा खेळता असलेली जागा द्या.

सगळ्यात महत्त्वाचं, दारं. शाळेच्या किंवा वसतिगृहाच्या आवारात उघडा पडलेला फ्रीज लहान मुलांना लपायला छान वाटतो. जुन्या खटक्याचं दार आतून उघडत नाही आणि आत हवा पुरत नाही. फ्रीज आणि डीप फ्रीझर खोलीबाहेर काढला त्याच दिवशी बिजागऱ्या सोडवून दार वेगळं करा. ते जमलं नाही तर दार भिंतीकडे तोंड करून दोरीने करकचून बांधा. हे काम उद्यावर टाकू नका.

जागेला कुलूप लावा. तांब्यासाठी रात्री कुणी नळी कापून नेली की तुमची सगळी मेहनत वाया.

८. उचलण्याच्या दिवशी

सकाळची वेळ ठरवा, जेवणाच्या सुट्टीची नको. समितीतला एक सदस्य, इलेक्ट्रिशियन आणि तुम्ही हजर राहा. पाटीचा फोटो आणि यंत्र समोरासमोर जुळवून सिरीयल नंबरवर एकेक खूण करा, मगच ते टेम्पोत चढू द्या. फ्रीज उभे, पट्ट्यांनी बांधलेले. मागची नळ्यांची जाळी हाताने धरून ओढायला हमालांना मनाई करा, बहुतेक गळत्या तिथेच होतात.

हातात ही फाइल तयार हवी :

– निर्लेखनाचा ठराव आणि मंजुरीचा आदेश
– यंत्रांची यादी, गॅसच्या नावासह, दोन प्रती
– रिसायकलरच्या नोंदणीची आणि संमतीपत्राची प्रत
– मान्य केलेलं दरपत्रक आणि कार्यादेश
– प्रयोगशाळेच्या यंत्रांची निर्जंतुकीकरणाची प्रमाणपत्रं
– रिकव्हरीची वही : कोणत्या यंत्रातून किती ग्रॅम
– पैसे संस्थेच्या खात्यात जमा झाल्याचा पुरावा, रोख नको
– वाहन क्रमांक लिहिलेला गेट पास
– वजनकाट्याची पावती

गाडी ठरलेल्या रिसायकलरचीच आहे का, ते वाहन क्रमांक विचारून आदल्या दिवशीच नक्की करा. एकदा आमच्याकडे भलत्याच माणसाचा टेम्पो आला. रिसायकलरने काम परस्पर दुसऱ्याला दिलं होतं. फाटकातूनच परत पाठवला. प्राचार्य सरांना आधी सांगून ठेवलेलं असल्यामुळे कुणी दबाव आणला नाही.

९. नंतरचा पाठपुरावा

गाडी गेली म्हणून नोंदवहीतली ओळ लगेच लाल शाईने खोडू नका. शेऱ्यात फक्त "उचलले" आणि तारीख लिहा. रिसायकलिंगचं प्रमाणपत्र आल्यावर त्यावरची नगांची संख्या, वजन आणि सिरीयल नंबर तुमच्या यादीशी ताडून बघा. "ई-कचरा – १ लॉट" असं मोघम प्रमाणपत्र आलं तर परत पाठवा, यादी जोडून मागा. ठरलेल्या मुदतीनंतर आठ दिवसांनी स्मरणपत्र, पंधरा दिवसांनी दुसरं, त्याची प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला. दुसऱ्या पत्राची प्रत मंडळाला गेली की प्रमाणपत्र दोन दिवसांत येतं, हा माझा अनुभव आहे.

ते आलं की नोंद बंद करा, समितीची सही घ्या आणि प्रमाणपत्राची प्रत नोंदवहीच्या त्याच पानाला टाचून ठेवा. मूळ प्रत फाइलमध्ये. आणि फाइलच्या पहिल्या पानावर मेकॅनिकचा नंबर लिहा, ज्याच्याकडे रिकव्हरी मशीन आहे त्याचा. पुढच्या उन्हाळ्यात एखाद्या वर्गातला एसी बंद पडेल तेव्हा आधी त्यालाच फोन लावायचा आहे.